हरणं आली म्हणजे हरणं वाढली का? पाबळच्या सहा एकरांचा आराखडा वाचताना

ओळखीच्या एका कुटुंबाने पाबळजवळ सहा एकर माळ विकत घेतला. शिरूर तालुक्याचा हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. जमीन हलकी, मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. त्यांना तिथे फार्महाऊस बांधायचं नाही, आमराईही लावायची नाही. शेजारच्या शेतकऱ्यांनी सांगितलं की इकडे हरणं येतात, तेव्हा ही जागा हरणांसाठीच ठेवायची असं त्यांनी ठरवलं. मग इंटरनेटवर शोधाशोध करून अकरा पानांचा आराखडा बनवला आणि मला पाठवला. सोबत एकच ओळ होती, "पीएचडीच्या नजरेने वाच आणि सांग."

त्यांच्या परवानगीने तो आराखडा आज इथे तपासतोय. नाव आणि गट नंबर अर्थातच नाही. तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहिताय किंवा प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी करताय. दुसऱ्याचा आराखडा बारकाईने वाचणं हा त्यासाठी चांगला सराव आहे. आणि इथे चूक झाली तर ती फक्त कागदावर राहणार नाही, जनावरांना आणि शेजाऱ्यांना भोगावी लागेल.

आराखडा थोडक्यात असा: दोन एकरांत बोअरच्या पाण्यावर लसूणघास आणि ओट. मधोमध सिमेंटचा पाणवठा. कडेने हत्तीगवताचा दाट पट्टा, म्हणजे हरणांना बसायला आडोसा. उरलेल्या जागेत पाचशे झाडं. सगळ्याला तारेच्या जाळीचं कुंपण, दोन ठिकाणी जनावरांसाठी मोकळी वाट. चार कॅमेरा ट्रॅप. आणि शेवटच्या पानावर यशाची कसोटी: "दर महिन्याला हरणांच्या फोटोंची संख्या वाढत गेली पाहिजे."

आधी कौतुक. कसोटी लिहिलेली आहे, हे फार थोडे लोक करतात. वृक्षारोपणाच्या कितीतरी फलकांवर खड्ड्यांची संख्या असते, झाड जगलं की नाही हे कसं ठरवणार ते नसतं. या कुटुंबाने निदान स्वतःला मोजमापाला बांधून घेतलंय. माझा आक्षेप त्यांनी निवडलेल्या मापाला आहे. पण त्या मापापर्यंत येण्याआधी एक अगदी प्राथमिक प्रश्न आहे.

कुठलं हरीण?

अकरा पानांत "हरीण" हा शब्द जागोजागी येतो आणि कुठल्याच ठिकाणी जात सांगितलेली नाही. मराठीत आपण चितळाला हरीण म्हणतो, काळविटाला हरीण म्हणतो आणि चिंकाऱ्यालाही हरीणच म्हणतो. बोलताना काही बिघडत नाही. आराखड्यात मात्र सगळंच बिघडतं.

चितळ, सांबर, भेकर ही खरी मृगकुळातली जनावरं. नराची शिंगं भरीव, फांद्यांची, गळून पडणारी आणि पुन्हा उगवणारी. काळवीट आणि चिंकारा गाय-शेळीच्या कुळातले. त्यांची शिंगं पोकळ, आतल्या हाडावर बसलेली, आयुष्यभर तीच. हा फरक नुसता परीक्षेत लिहायचा नाही. चितळ पाण्याच्या आणि झाडीच्या आसपास राहतं. चिंकारा उघड्या, कोरड्या, खुरट्या झुडपांच्या माळावर राहतो, एकटा किंवा दोन-चारांच्या गटात. पानं, फुलोरा, शेंगा, बोरं यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर तो पाणी न पिता बराच काळ काढतो. काळवीट मुख्यतः गवत खाणारं आणि कळपाने राहणारं. या कळपांवर भारतातच चांगलं काम झालंय. कविता ईश्वरन यांनी २००७ मध्ये दाखवलं की जागा जितकी उघडी तितके काळविटांचे गट मोठे होतात. दूरवर दिसणं हीच त्यांची सुरक्षितता.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या माळांवरचं "हरीण" म्हणजे बहुतेक वेळा चिंकारा. बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठीच ओळखलं जातं. म्हणजे झाडी, आडोसा आणि पाणी यांवर उभा केलेला हा आराखडा ज्या जनावराला शोभेल, ते या माळावरचं नाहीच.

ही कल्पना आली कुठून?

लसूणघास, ओट, आडोसा, कॅमेरे हे सगळं एकत्र कुठे सापडतं? अमेरिकेत. तिथे खासगी जमीन घ्यायची, माती तपासून चुना टाकायचा, क्लोव्हर, ओट, सलगम पेरायचं, याला फूड प्लॉट म्हणतात. हे पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी असतं, आणि त्यामागे बहुतेक वेळा शिकार असते. जनावर ठराविक मोसमात, ठराविक जागी, मचाणाच्या टप्प्यात यावं हा हेतू. त्यात लपवाछपवी काही नाही, तिथे परवाने असतात, हंगाम असतो.

त्या हेतूसाठी फूड प्लॉट ही चांगली युक्ती आहे, कारण त्यांना जनावर *आणायचं* असतं. आपल्याकडे चिंकारा आणि काळवीट दोघेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकारीचा प्रश्नच नाही. मग आणून करायचं काय? आराखडा उत्तर देतो, "संवर्धन." पण पद्धत आणण्याची आणि हेतू जगवण्याचा, हा सांधा जुळत नाही. दुसऱ्या क्षेत्रातली पद्धत उचलताना ती मूळ कशासाठी बनली होती हे विचारायचंच. तुमच्या सिनॉप्सिसच्या मेथड चॅप्टरलाही हा प्रश्न लावून बघा.

अमेरिकेतही जनावरांना एका जागी गोळा करण्याबद्दल धास्ती आहे. १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये पहिल्यांदा लक्षात आलेला, हरणांना झिजवून मारणारा एक मेंदूचा रोग आता तिथल्या बऱ्याच राज्यांत पसरलाय. म्हणून अनेक ठिकाणी हरणांसाठी दाणा टाकायला बंदी आहे. चार तोंडं एकाच जागी लागली की रोगाचं काम सोपं होतं.

पाकिटामागचं गणित

कुठलाही आराखडा वाचताना मी एक ढोबळ हिशेब करतो. अचूक असण्याची गरज नाही, आकड्यांचा अंदाज यावा इतकंच.

चिंकाऱ्याचं वजन धरू वीस किलो. रवंथ करणारं जनावर रोज वजनाच्या अडीच-तीन टक्के कोरडा चारा खातं. म्हणजे अर्धा-पाऊण किलो. वर्षाला साधारण सव्वादोनशे किलो. सहा एकर म्हणजे २.४ हेक्टर. काहीही न पेरता, नुसत्या पावसावर, हेक्टरी एक टन कोरडं गवत-पाला आला असं गृहीत धरू. एकूण झाले २.४ टन. त्यातलं निम्मं जमिनीसाठी सोडू. उरलं १.२ टन, म्हणजे पाच चिंकाऱ्यांचा वर्षाचा चारा. त्यातलं निम्मंच त्यांच्या आवडीचं आहे असं म्हटलं तरी दोन-तीन जनावरांचा पोटापुरता हिशेब बसतो. चिंकाऱ्याचा गट तेवढाच असतो!

मुद्दा असा, की बोअर न चालवता, लसूणघास न पेरता हा माळ चाऱ्यात उणा नाही. कोणी म्हणेल, "मे महिन्यात काय?" रास्त प्रश्न आहे. उन्हाळ्यात गवत वाळतं, त्यातला कस जातो. पण तेव्हा माळावर बाभळीच्या आणि हिवराच्या शेंगा असतात. शिवाय आसपास बघा. चासकमानच्या कालव्याखालच्या गावांत आणि जिथे विहिरीला पाणी आहे तिथे दुभत्या जनावरांसाठी लसूणघास, मका, कडवळ उन्हाळाभर हिरवं असतं. तिथे आणखी दोन एकर हिरवं केल्याने जनावराच्या आयुष्यात काय बदलतं, हे आराखड्याने सिद्ध करायला हवं. त्याने ते गृहीत धरलंय.

दुसरा आकडा जागेचा. मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झालं, क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर. अभयारण्यांत ते अगदी छोटं. तरी ते या सहा एकरांच्या दोनशे दहा पट आहे. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य (१९८०) २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास नव्वद पट. आणि रेहेकुरीची काळविटंसुद्धा हद्दीबाहेरच्या शेतांत चरतात. हद्द माणसाला कळते. तेव्हा सहा एकरांत "हरणांचा अधिवास तयार करणे" हे वाक्यच चुकीच्या मापाचं आहे. सहा एकर फार तर त्यांच्या फिरण्यातला एक तुकडा होऊ शकतो. त्या तुकड्याचं भलंबुरं बाकीच्या शिवारावर ठरतं.

फोटो वाढले, मग?

आता मुख्य आक्षेप. समजा सगळं आराखड्याप्रमाणे झालं. पहिल्या महिन्यात चार फोटो, सहाव्या महिन्यात चाळीस. कुटुंब खूश. आराखडा यशस्वी?

चाळीस फोटो म्हणजे चाळीस जनावरं नाहीत हे तर उघड आहे. वाघाचे पट्टे जसे प्रत्येकाचे वेगळे, तशी चिंकाऱ्याच्या अंगावर सहज ओळखू येईल अशी खूण नसते. एकच मादी रोज पहाटे येत असेल तरी महिन्यात तीस फोटो होतात. पण ही झाली तांत्रिक अडचण. तिच्यावर उपाय निघतात, निदान ठराविक वेळेच्या आतले फोटो एकच धरता येतात.

खरी अडचण तर्काची आहे. फोटो वाढण्याची दोन कारणं असू शकतात. एक, परिसरात हरणं वाढली, जास्त पाडसं जगली. दोन, होती तीच हरणं शेजारच्या माळावरून इकडे आली. कॅमेऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. समुद्रात सिमेंटचे ठोकळे टाकून मासे "वाढवतात", त्याबद्दल मत्स्यशास्त्रात हाच वाद कित्येक वर्षं चालू आहे, मासे तयार झाले की नुसते जमा झाले?

यावर १९८३ मध्ये बिअॅट्रिस व्हॅन हॉर्न यांनी जर्नल ऑफ वाइल्डलाइफ मॅनेजमेंटमध्ये एक छोटा निबंध लिहिला. परिसंस्थाशास्त्रात काम करणार असाल तर पहिल्या सहामाहीतच वाचा. म्हणणं साधं आहे. एखाद्या जागी प्राणी दाट आहेत म्हणून ती जागा त्यांच्यासाठी चांगली आहे, असं ठरत नाही. चांगल्या जागांवर दांडगे प्राणी ठाण मांडतात आणि दुबळ्यांची, पोरवयातल्यांची गर्दी वाईट जागी होते, असंही घडतं. जागेचा दर्जा कळायचा तर तिथे किती जगले आणि किती जन्मले, हे दाटीबरोबर बघावं लागतं.

याच्याही पुढची पायरी म्हणजे पर्यावरणीय सापळा. ही संज्ञा १९७२ च्या एका अभ्यासातून आली. बदकं कुरव पक्ष्यांच्या वसाहतीत घरटी करत, कारण तिथे अंड्यांना संरक्षण मिळे. पिल्लं बाहेर आली की तेच कुरव ती पिल्लं खात. जागा ओढ लावते आणि जीव घेते. आराखड्याची कसोटी वापरली तर असा सापळा सर्वात यशस्वी ठरेल, कारण तिथे फोटो भरपूर मिळतील.

हे पाबळला लांबचं वाटत असेल तर पाणवठा आणि हत्तीगवत आठवा. माळावरच्या एकमेव पाण्यावर चिंकारा येईल का, सांगता येत नाही. मोकाट कुत्री नक्की येतील. रानडुकरं येतील. आणि शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो, हे त्या अकरा पानांत कुठेच नाही. उसातला बिबट्या हा इथला रोजचा विषय आहे, माणसं दगावलेली आहेत. अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला तेव्हा त्याच्या आहारात सर्वात मोठा वाटा पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के. आता जोडून बघा. पाण्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या, आणि त्याला बसायला तुम्ही स्वतः लावलेलं दोन पुरुष उंचीचं गवत. अमेरिकेतल्या पुस्तकातला "आडोसा" इथे उसाचं काम करील. शेजारच्या वस्तीवरची पोरं त्याच बांधावरून शाळेत जातात.

शेजाऱ्यांचा उल्लेख आराखड्यात एकदाच आहे, "स्थानिकांमध्ये जागृती करणे." अहो, हरणं येतात हे त्यांनीच तर तुम्हाला सांगितलं! लसूणघासावर आलेलं जनावर हद्दीवर थांबत नाही, पुढच्या हरभऱ्यात जातं. हरणांनी केलेल्या पीकनुकसानीला वनखात्याकडून भरपाईची तरतूद आहे, पण अर्ज, पंचनामा, हेलपाटे शेतकऱ्यालाच. जवळच मोराची चिंचोली आहे. तिथे मोर आहेत ते गावाने पिढ्यान्‌पिढ्या चिंचेची झाडं राखली आणि पिकात चोच मारणारा मोर सहन केला म्हणून. पर्यटन नंतर आलं. त्या सहन करण्याचा खर्च कोणी उचलला, हा प्रश्न हरणांच्या आराखड्यातही हवा होता.

पाचशे झाडं

यावर थोडक्यात, कारण माळरानावर झाडं लावू नका हे आता बरेच जण सांगतात. माळ म्हणजे उजाड पडलेलं जंगल नाही. सरकारी कागदात तो "पडीक" असतो, म्हणून दिसेल तिथे गिरिपुष्प लावलं गेलं. कुसळी, पवन्या, मारवेल, मध्ये एखादी बोर, एखादा हिवर, तरवडाचं झुडूप, हीच त्याची पूर्ण अवस्था. पाचशे झाडांच्या सावलीत गवत मागे हटतं आणि चिंकाऱ्याला जे लांबचं दिसायला हवं ते दिसेनासं होतं.

एक गमतीशीर अभ्यास मात्र सांगायलाच हवा. गुजरातमधल्या वेळावदरला काळविटं वेड्या बाभळीच्या शेंगा आवडीने खातात. नर आपल्या हद्दीत ठराविक जागी लेंड्यांचे ढीग घालतात आणि त्या ढिगांत बिया साठतात. २०१३ च्या एका शोधनिबंधाने दाखवलं की नरांची ही हद्द राखण्याची सवयच वेड्या बाभळीला उघड्या गवताळ भागात शिरायला मदत करते. म्हणजे जनावराला आवडीचं खाणं देणं आणि त्याचं घर राखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कधी एकमेकींच्या विरुद्धही.

मग सहा एकरांत काय विचारता येईल?

"हरणं वाढतील का?" हा प्रश्न सहा एकरांना विचारू नका. उत्तर द्यायची त्यांची ताकद नाही. छोट्या जागेला छोटा प्रश्न हवा. उदाहरणार्थ: गिरिपुष्प काढलेल्या आणि न काढलेल्या पट्ट्यात दोन पावसाळ्यांनंतर गवताच्या जाती कशा बदलतात? मेंढ्या चरलेल्या आणि न चरलेल्या चौकटींत फरक काय? चिंकाऱ्याच्या लेंड्या उघड्या भागात जास्त सापडतात की झुडपांजवळ? या प्रश्नांना चौकटी आखता येतात, पुनरावृत्ती करता येते, आणि मुख्य म्हणजे काहीही करण्याआधीची नोंद घेता येते.

ही आधीची नोंद आराखड्यात नाहीच. जमीन घेतली, लगेच नांगर. किमान एक वर्ष नुसतं मोजायला हवं होतं, आणि तेवढंच मोजमाप शेजारच्या न बदललेल्या माळावरही. नंतर बदल दिसला तर तो तुमच्या कामाने झाला की त्या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून, हे तुलनेशिवाय कळणार कसं? शिरूरसारख्या भागात पावसाचा एक चांगला हंगाम कुठल्याही फूड प्लॉटपेक्षा जास्त हिरवं करतो.

पाबळमध्येच १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला, हाताने करता करता शिकायचं या विचारावर. त्या गावात माळाच्या चार चौकटी आखायला आणि महिन्याला एकदा लेंड्या मोजायला शाळेतली मुलं मिळणार नाहीत असं मला वाटत नाही. कॅमेरा ट्रॅपच्या पैशांत दोरी, खुंट्या आणि वह्या भरपूर येतात.

मी त्या कुटुंबाला तीन पानं लिहून पाठवली. लसूणघास, पाणवठा आणि हत्तीगवत पूर्ण वगळा. झाडं लावायचीच असतील तर बोर आणि हिवर, तीही पाचशे नाहीत, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एक वर्ष काही पेरू नका. नांगर तर अजिबात नको, कारण मोडलेला माळ परत जमायला फार वर्षं लागतात. बहुतेक गोष्टी त्यांनी मान्य केल्या. लसूणघास सोडताना जरा जड गेलं, बियाणं आणून ठेवलं होतं. ते शेजारच्या गोठ्याला दिलं.

कुंपणावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. त्यांचं म्हणणं, कुंपण नसेल तर धनगरांची मेंढरं येतील, आणि कोणीतरी हद्दही सरकवील. दुसरी भीती खरी आहे, शिरूरमधल्या जमिनीचे भाव बघता. पहिल्याबद्दल मी विचारलं, हा माळ आजवर उघडा राहिला तो कोणी चरल्यामुळे? दरवर्षी इथून जाणाऱ्या वाड्यांना आधी विचारा, ते कोणत्या महिन्यात येतात, किती दिवस थांबतात, हरणं कुठे बसतात. पहिल्या वर्षाच्या नोंदवहीतलं पहिलं पान तेच असावं. हद्दीला दगड लावून मोजणी करून घ्या, जाळी नको. दिवाळीनंतर वाडे उतरतील तेव्हा आम्ही तिघं जाऊन बसणार आहोत, तोवर जाळीची ऑर्डर थांबवून ठेवली आहे.